भाऊजींच्या डोक्यावरची रेघ

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. स्थळ : ताईचं घर, हुडकेश्वर, पुढची खोली.

हजर : आत्या, वय ऐंशीच्या घरात, दिवाणावर पाय वर घेऊन. ताई, माझी थोरली बहीण आणि आत्याची सून. भाऊजी, ताईचे यजमान आणि आत्याचे मोठे चिरंजीव. भाची, त्या दोघांची एकुलती एक. आणि मी. बाकी कोणाला बोलावलं नव्हतं.

विषय : एकच. भाचीला धोका आहे की नाही.

घरची बैठक असली तरी मी नोंद अशीच करते. घरचे हसतात, हसू देत. त्या दिवशी मात्र वर "हजर" असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं, कारण समोर बसलेल्या चौघांचं एकमेकांशी काय नातं आहे, यावरच सगळं अडलेलं होतं.

आधी मागचं सांगते. आमच्या वडिलांच्या मानेत, जबड्याच्या खाली एक गाठ होती. दुखत नव्हती. सदऱ्याची कॉलर वर करून ते आयुष्यभर वावरले. त्यांच्या थोरल्या भावालाही तशीच होती, आणि पुढे त्या भावाच्या मुलालाही झाली. मग ताईला झाली. ताईची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सर्जन म्हणाले, ही घराण्यातून येणारी गोष्ट दिसते, शोध घ्या. मी नागपुरातच एका संशोधन विभागात संख्याशास्त्राचं काम करते. तिथे आनुवंशिकीच्या डॉक्टर आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. अशा गाठी असलेल्या कुटुंबांचा त्या अभ्यास करत होत्या. आमचं कुटुंब त्यात गेलं.

नेहमीच्या तपासणीत नेमका बिघाड सापडला नाही. अशा वेळी दुसरा रस्ता असतो. गुणसूत्रांवर ठिकठिकाणी खुणा असतात, माणसामाणसांत थोड्या वेगळ्या. घरातल्या आजारी माणसांकडे एखादी खूण पुन्हा पुन्हा दिसते का, निरोगी माणसांकडे ती नसते का, आणि हे नुसत्या योगायोगाने घडण्याची शक्यता किती, हे मोजायचं. खूण आणि आजार पिढ्यान् पिढ्या सोबत चालत आले असतील, तर बिघाड त्या खुणेच्या आसपासच आहे असं समजायचं. घर सापडलं नाही तरी मोहल्ला सापडतो. आमचा सापडला. मला ती खूण आलेली नाही, हे पहिल्याच फेरीत कळलं. ताईला आलेली होती. आम्ही दोघी एका ताटात जेवून वाढलो, आणि हे मला त्या दिवशी नीट गिळता आलं नाही.

त्या मोहल्ल्यातला जनुक जरा वेगळा निघाला. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेक वेळा दोन्ही प्रती काम करतात. थोड्या जनुकांचं तसं नसतं. तिथे एका प्रतीवर कुलूप लागतं, आणि ते कोणत्या प्रतीवर हे ती देणाऱ्यावरून ठरतं. इथे आईकडून आलेल्या प्रतीवर कुलूप होतं. म्हणजे बिघडलेली प्रत आईकडून आली तर ती आयुष्यभर गप्प बसते. तीच वडिलांकडून आली तर गाठ होऊ शकते. शिवाय हे कुलूप दर पिढीत नव्याने लागतं. आईकडून बिघडलेली प्रत मिळालेला मुलगा स्वतः धडधाकट राहतो, पण तो बाप झाला की त्याच्या मुलांना तीच प्रत उघडी मिळते.

भाचीची तपासणी झाली आणि तिच्यात ती खूण सापडली तेव्हा ताई दोन दिवस जेवली नाही. मग मॅडमनी समजावलं : खूण तुमच्याकडून गेली, तुम्ही आई आहात, म्हणजे कुलूप आहे, मुलीला धोका नाही. ताईने त्या दिवशी गल्लीत संत्र्याची बर्फी वाटली. कशाबद्दल, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

आमच्याच घरचं काम माझ्याकडे नको, असं मी विभागात आधीच सांगून ठेवलं होतं. पण सगळ्या कुटुंबांचे आराखडे एकत्र लावायची वेळ आली तेव्हा आमचाही समोर आला. आराखड्यात पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. ताईच्या गोलाला आडव्या रेघेने एक चौकोन जोडला होता, ते भाऊजी. त्या चौकोनाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. वर जाणारी रेघ नाही, आईबाप नाहीत. आमच्या कामात याचा अर्थ ठरलेला असतो : हा माणूस लग्नाने बाहेरून आला आहे, याच्याकडे तो बिघाड नाही असं धरून चालायचं.

पण भाऊजी बाहेरून आलेले नाहीत. त्यांची आई, म्हणजे आत्या, आमच्या वडिलांची सख्खी बहीण. मामाची मुलगी करायची पद्धत आमच्यात आहे. आत्याने भावाची मुलगी हट्टाने सून करून घेतली. हे नात्यात सगळ्यांना इतकं ठाऊक आहे की कोणाला सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि मॅडम दुसऱ्या प्रांतातल्या, त्यांना विचारण्यासारखं वाटलं नाही. त्यात घराण्याची माहिती दिली ती गावच्या चुलतभावाने, फोनवर, वंशावळ पुढ्यात घेऊन. वंशावळीत मुली नसतात. तो प्रामाणिकपणे वरून खालपर्यंत वाचत गेला आणि आत्या मध्ये कुठे आलीच नाही.

मी रेघ ओढून पाहिली, पेन्सिलीने. भाऊजींच्या चौकोनापासून वर आत्यापर्यंत, आत्यापासून बाजूला आमच्या वडिलांपर्यंत. आता भाचीपर्यंत यायला दोन वाटा झाल्या : एक ताईकडून, एक भाऊजींकडून. भाऊजींची वाट बापाची. तिच्यावर कुलूप नाही. मॅडमना दाखवलं. त्यांनी ती रेघ बोटाने वरपर्यंत नेली आणि त्या म्हणाल्या, "दोघांचं रक्त लागेल. त्यांच्या आईचं आणि त्यांचं. तुम्ही बोलाल का?"

म्हणून ती रविवारची बैठक.

ताईने चहा आणला. कपात पहिला घोट गेल्यावर मी विषय काढला, कारण चहाआधी आत्या कोणाचं ऐकत नाही.

"आत्या, तुझं रक्त पाहिजे. आणि भाऊजींचं."

"आली वं यादी घेऊन," आत्या ताईला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "घे ना. पण मले काय झालं? पाह्य माझी मान." तिने पदर बाजूला सारून हनुवटी वर केली. "आहे कुठं काही?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच पाहिजे."

"हे पाह्य, मी दिल्या घरची. तुमच्या लोकायनं वंशावळीत माझं नाव नाही घातलं. सात-बाऱ्यात नाही घातलं. मंग आजारात काहून घालून राहिली?"

"आई, तो वाटा फुकट भेटते," भाऊजी म्हणाले. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे आणि कोणत्याही बोलण्यात त्यांना माप दिसतं. "माझं किती लागते, बाईसाहेब? मीटरमध्ये सांगा. कापून देतो."

लहानपणी मी त्यांना दादा म्हणायची, माझे आतेभाऊ म्हणून. ताईशी लग्न झाल्यावर मोठ्यांनी भाऊजी म्हणायला लावलं, आणि तेव्हापासून ते मला बाईसाहेब म्हणून त्याची परतफेड करतात.

भाची हसली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग वडिलांकडे.

"म्हणजे माझ्यात आहे ते बाबांकडून आलेलं असू शकते."

खोलीत बाकी कोणाच्या लक्षात अजून आलं नव्हतं. मी म्हटलं, "असू शकतं. नसेलही."

"नाही," ताई एकदम म्हणाली. "मॅडमनी सांगितलं ना, माझ्याकडून आलं. माझ्याकडून आलं म्हणून तर ती सुटली. आता काय नवीन काढून राहिली तू?"

बर्फी वाटूनही वर्षभर हीच ताई म्हणत होती, माझ्यामुळे झालं, माझ्या पोटी आली म्हणून पोरीच्या नशिबी आलं. आता तेच तिला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"मावशी," भाची म्हणाली, "नीट समजावून सांग. तुझ्या ऑफिसच्या भाषेत नको."

"तू मला मावशी का म्हणतेस?"

"आईची बहीण म्हणून."

"आणि तुझ्या बाबांची मी कोण?"

"मामेबहीण." ती थांबली. "म्हणजे तू माझी आत्या पण लागते. दिवाळीत मी दोन्हीकडून वसूल करत नाही हे माझे उपकारच आहेत."

"माझ्यापर्यंत यायच्या तुझ्या दोन वाटा आहेत. तुझ्यातली ती बिघडलेली प्रतसुद्धा अशीच दोन वाटांनी आलेली असू शकते. दोन्हीकडची प्रत मुळात एकाच माणसाची, तुझ्या पणजोबांची. त्यामुळे तिच्याकडे बघून काही कळणार नाही. बाबांकडची आणि आईकडची, दोन्ही सारख्याच दिसतील."

"मग?"

"मग तुझी चांगली प्रत बघायची. प्रत्येकाला एक आईकडून आणि एक वडिलांकडून, बरोबर? बिघडलेली एकाकडून आली असेल तर चांगली दुसऱ्याकडून आलेली असणार. बाबांकडे जी चांगली आहे ती तुझ्या आजोबांची, आत्याच्या यजमानांची. आईकडे जी चांगली आहे ती आमच्या आईची. त्या दोघांचं लग्नाआधी काही नातं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या खुणा वेगळ्या असणार. तुझी चांगली प्रत आजोबांची निघाली तर ती बाबांनी दिली. म्हणजे दुसरी ताईकडून, कुलूप लावलेली."

"आणि तुमच्या आईची निघाली तर?"

"तर बाबांकडची वाट."

"आणि बाबांकडे ते नसलंच तर?"

"तर आज मी नुसता चहा प्यायला आले असं समज."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मापाचं काही बोलले नाहीत. "उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊ," ते म्हणाले. "आई, तू पण चल."

"मी काय मागं राहणारी आहो?" आत्या म्हणाली. "पण उपाशी नाही येणार. रक्त द्याचं तं आधी खाऊन घेणार."

ती खाऊनच गेली, गोळाभात. या तपासणीला ते चालतं.

दोघांमध्येही ती खूण निघाली. आत्यात आणि भाऊजींत. दोघंही निरोगी आणि दोघांकडेही तीच. मला हे अपेक्षित होतं, असं मी विभागात सांगितलं. खरं म्हणजे मला ती भाऊजींमध्ये नसावी असं वाटत होतं, आणि मला जे वाटतं त्याला आकडेमोडीत जागा नसते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

भाचीच्या प्रती वाचायचं काम मी एका सहकाऱ्याकडे दिलं. तिला नावं माहीत नव्हती, फक्त क्रमांक. मी स्वतः फक्त खूण आणि आजार सोबत चालतात का, याचं गणित पुन्हा केलं, आता आत्याची शाखा धरून. सवयीने आधी जुन्या पद्धतीने केलं. आधी जो आकडा चांगला भक्कम होता तो घसरून जवळजवळ जमिनीवर आला. कारण उघड होतं. जुनी पद्धत इतकंच विचारते : खूण आहे का, आजार आहे का? भाऊजी म्हणतात, खूण आहे, आजार नाही. म्हणजे त्यांचं मत विरोधात. वडील, काका, ताई बाजूने, भाऊजी आणि आत्या विरोधात, आणि बेरीज शून्याकडे. असंच कुठलं कुठलं कुटुंब "इथे काही नाही" म्हणून बाजूला पडत असेल, असं मनात आलं.

मग वेगळं केलं. बापाकडून आलेल्या प्रतींचा हिशेब एकीकडे, आईकडून आलेल्यांचा दुसरीकडे. भाऊजींना ती आत्याकडून, म्हणजे आईकडून आलेली. त्यांनी निरोगी असणं आता विरोध राहिला नाही, उलट ते कुलपाच्या बाजूचा पुरावा झाले. आत्याचं वेगळं. तिला ती वडिलांकडून आली, तिच्यावर कुलूप नाही, तरी ती ठीक. प्रत्येकाला गाठ उठतेच असं नसतं, तेवढी सूट गणितात ठेवावी लागते. असं मांडल्यावर आकडा वर आला, पहिल्यापेक्षाही वर.

आकडा वर आला की मी आधी संशय घेते. एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले की नशिबाने काहीतरी सापडण्याची संधीही वाढते, म्हणून पुराव्याची पट्टी वर न्यावी लागते. शिवाय प्रती पुढच्या पिढीत जाताना त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, आणि ती बायकांमध्ये आणि पुरुषांमध्ये सारखी नसते. ते लक्षात घेतलं नाही तर नसलेलं कुलूपही दिसायला लागतं. मी दोन्ही वेगळे धरले. मग खुणा मुद्दाम उलटसुलट वाटून तेच गणित पुन्हा पुन्हा केलं, की नुसत्या योगायोगात एवढा आकडा किती वेळा येतो ते बघू. सहसा येत नव्हता. आमच्या घराचं कुलूप खरं होतं.

एक अडचण मजेशीर होती. नात्यातलं लग्न असलं की आराखड्यात फेरा तयार होतो, रेघा फिरून स्वतःला मिळतात, आणि गणिताचा संगणकावरचा प्रोग्राम तिथे अडकतो. त्यावर उपाय एकच, फेऱ्यातला एक माणूस दोनदा लिहायचा. मी ताईला दोनदा लिहिलं. एकदा आमच्या वडिलांची मुलगी, एकदा आत्याची सून.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "कामं पण दोघींचीच करून राहिली मी," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

त्या दिवसांत मी ताईकडे वरचेवर जात होते. एक गोष्ट बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. ताई भाचीला समोर बसवायची, केसांना तेल लावायच्या निमित्ताने. भाची नोकरीला जाते, केस आखूड कापलेले, तेल तिला मुळीच आवडत नाही. तरी ती निमूट बसायची. ताईची बोटं डोक्यावरून कानामागे यायची, कानामागून जबड्याखाली, आणि तिथे हळू, अगदी हळू फिरायची. भाची मोबाइल बघत राहायची.

निकालाच्या दिवशी भाचीने मला सोबत यायला सांगितलं. मॅडमच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. ताई, भाऊजी, भाची आणि मी. मलाही निकाल माहीत नव्हता. सहकारी तो थेट मॅडमकडे देणार, असं मीच ठरवून घेतलं होतं. त्या दिवशी मला या व्यवस्थेचा फार राग आला.

मॅडमनी उगाच लांबण लावली नाही. भाचीला म्हणाल्या, "तुमची निरोगी प्रत आईच्या आईची आहे."

भाचीने मान हलवली. भाऊजींना लगेच कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "आईची?"

"हो."

"माझ्या आईची? हिच्यात?"

आमची आई भाचीच्या जन्माआधी गेली. भाचीने तिला फोटोतच पाहिलं आहे. ताई उठली आणि भाचीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मॅडम पुढचं सांगायचं थांबल्या. मला वाटलं ताईला अर्थ कळलेला नाही. तिला तो कळला होता. ज्या कारणाने आई भाचीत आहे त्याच कारणाने दुसरी प्रत भाऊजींची आहे, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिने फक्त आधी आईला घेतलं.

मग ती भाऊजींकडे वळली. "तुमच्याकडून आलं म्हणून काही तुम्ही दिलं नाही," ती म्हणाली. "मी वर्षभर स्वतःलाच दोष देत बसली. तुम्ही नका करू."

बाहेर आल्यावर भाची स्कूटी काढत होती, नेहमीसारखा स्कार्फ तोंडाला आणि मानेला गुंडाळून. नागपूरच्या उन्हात सगळ्या मुली तसाच बांधतात. भाऊजी पुढे गेले. त्यांनी तिच्या मानेवरची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, सैल. आयुष्यभर कापड हाताळलेल्या माणसाची बोटं, पण त्या गाठीला वेळ लागला.

"बाबा, उडून जाईल."

"उडाला तं नवीन देतो," भाऊजी म्हणाले. "दुकानच आहे."

पुढचं काम सोनोग्राफी. आत्याला आता सांगणं भागच होतं, कारण घरात सगळे कुजबुजत होते आणि आत्याला कुजबुज ओरडण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येते. मी तिच्या दिवाणावर बसून सगळं सांगितलं. कुलूप, दोन वाटा, चांगली प्रत, सगळं.

"म्हंजे माझ्याकडून त्याले आलं, त्याच्याकडून पोरीले," शेवटी ती म्हणाली.

"तुला तुझ्या वडिलांकडून आलं, आत्या. आमच्या वडिलांना पण त्यांच्याकडूनच."

"ते ठीक. पण भावाची पोरगी तं मीच मांगितली होती." तिने दिवाणावरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "नसती मांगितली तं पोरगी तरी कुठून आली असती?"

मी काही लिहून घेत नव्हते, तरी हे लक्षात राहिलं.

सोनोग्राफीला ती भाचीबरोबर आलीच. कोणाचं ऐकलं नाही. भाचीच्या मानेत उजव्या बाजूला एक गाठ सापडली, मसुरीच्या डाळीएवढी. मॅडम म्हणाल्या, ही आता काढायची नाही, बघत राहायची, वर्षातून एकदा. सहसा या फार सावकाश वाढतात. वेळेवर कळलं हे चांगलं. भाची टेबलावरून उठत मला म्हणाली, "घे मावशी, तुझं गणित बरोबर निघालं." मी म्हटलं, "चुकलं असतं तर मी पार्टी दिली असती."

आत्याने तेवढ्यात चपला काढल्या आणि टेबलावर चढायला लागली.

"आजी, तू काय करून राहिली?"

"माझी पण पाह्य म्हणा. पोरीले एकटीले काहून टोचता?"

टोचत नाहीत, असं तिला कोणीतरी सांगितलं. मॅडम हसल्या आणि त्यांनी आत्याच्या मानेवर यंत्र ठेवलं. बराच वेळ फिरवलं. मग पडदा आमच्याकडे वळवला. आत्याच्या मानेत, त्याच बाजूला, खोलवर एक गाठ होती. भाचीच्या गाठीपेक्षा मोठी, पण बाहेरून न दिसणारी. मॅडम म्हणाल्या, ही आजची नाही, फार जुनी असणार.

म्हणजे गणितात मी तिला निरोगी धरलं होतं ते चूकच होतं. आमचा आराखडा मला पुन्हा दुरुस्त करायचा होता, आणि या वेळी मला त्याचा आनंद झाला.

भाची पडद्याकडे बघत राहिली. "आजी, ही तुझ्यात किती वर्षं आहे?"

"मले काय ठाऊक? मी पापड लाटले, लग्नं केली, तुझ्या बापाले मारलं, हे तिथंच होती काय?"

"तिथंच होती."

"मंग तुझी पण राहीन. जेवाले घाल तिले." आत्या पदर सारखा करत खाली उतरली. त्या दिवसापासून भाची रात्री नीट झोपते, असं ताई सांगते. वर्षाची तपासणी कधी करायची ते मी घरच्या सगळ्या कॅलेंडरांवर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.

एवढं झालं, पण संपलं नाही. आत्याला आणखी एक मुलगा आहे, भाऊजींचा धाकटा भाऊ. तो लकडगंजात राहतो, लाकडाच्या व्यापारात आहे, आणि त्याला दोन मुलं आहेत, शाळेत जाणारी. आत्याची प्रत त्याच्याकडेही आलेली असण्याची शक्यता निम्मी. आली असेल तर तो धडधाकटच राहणार, काही जाणवणार नाही, आणि मुलांना ती उघडी मिळालेली असू शकते. त्याचं रक्त घ्यायला हवं. मॅडम म्हणतात, घाई नाही, पण मुलं मोठी होईपर्यंत थांबू नका.

भाऊजी म्हणाले, मी सांगतो. ताई म्हणाली, मी सांगते. मी तर कागद घेऊन तयारच होते. आत्याने सगळ्यांना गप्प केलं. "माझ्याकडून गेलं असंन तं मीच सांगीन. माझ्या तोंडून ऐकू दे त्याले."

तिचा हक्क होता.

तो दर रविवारी संध्याकाळी आईला भेटायला येतो. तेव्हापासून मीही रविवारी मुद्दाम ताईकडे असते. आत्या त्याला जेवायला वाढते. तुरीचा भाव विचारते. नातवंडांच्या परीक्षा विचारते, कोणाच्या लग्नाला काय दिलं ते सांगते. त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि बोलता बोलता मानेवर थांबते. तो म्हणतो, "काय झालं, आई?" ती म्हणते, "काही नाही, कॉलर मळली तुझी." मग तो स्कूटर काढतो आणि जातो.

गेल्या रविवारी मी विचारलं, "आत्या, आज सांगितलंस?"

"पोरांच्या परीक्षा चालू आहेत वं," ती म्हणाली. "त्या आटपू दे."

परीक्षा आटोपल्या आहेत. धाकट्याला अजून सांगायचं आहे.